दोन बनियन

मे महिन्यात पुण्यात एकावर एक दोन बनियन घालणारा माणूस तुम्हाला भेटला असेल, पण तुमच्या लक्षात आला नसेल. लक्षात येऊ नये म्हणूनच तर तो दोन घालतो. मी तेरा वर्षं घातले. आतला पंच्याहत्तरचा, बाहेरचा पंच्याऐंशीचा. त्यावर शर्ट, तोही चौकड्यांचा, कारण साधा शर्ट उंचवट्याची चहाडी करतो आणि चौकड्यांत नजर हरवते. शिंप्याला दोन खिसे सांगायचे. एकात डायरी, दुसऱ्यात रुमाल. एकदा शिंपी म्हणाला, "कंडक्टरकीला लागलात का?" मी हसलो. कंडक्टर वाटलेलं परवडलं.

बनियन आई आणायची, तुळशीबागेजवळच्या बोळातून. "याला घट्टच लागतात," असं ती दुकानदाराला इतक्या सहज सांगायची, जणू मला आमटीत गूळ लागतो. का लागतात, हे तिने कधी विचारलं नाही. आमच्या घरात बऱ्याच गोष्टी न विचारल्यामुळेच सुरळीत चालायच्या.

सुरुवात १९९७ च्या मे महिन्यातली. मी तेरा वर्षांचा, टिळक तलावावर पोहण्याची सकाळची बॅच. त्याआधी काही आठवडे दोन्ही निपलखाली बटणाएवढं काहीतरी टणक आलं होतं. दप्तराचा पट्टा घासला तरी कळ यायची. मला वाटलं, खेळताना मार लागलाय. बघता बघता बटणाची बिस्किटाएवढी चकती झाली आणि छाती पुढे दिसायला लागली. मी काही जाड मुलगा नव्हतो. नवव्या दिवशी काठावर आम्ही कुडकुडत रांगेत उभे होतो, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, सरका की जरा."

रांग हसली. सरही हसले असं मला आठवतं. कदाचित ते दुसऱ्याच कशाला तरी हसले असतील.

दहाव्या दिवशी मी पोटात दुखतंय म्हणून गेलो नाही. अकराव्या दिवशीही दुखलं. फी भरलेली होती म्हणून वडील चिडले, पण पोट काही थांबेना. जूनमध्ये शाळा सुरू झाली तर ते नाव माझ्या आधी वर्गात जाऊन बसलेलं. दहावीपर्यंत मी वहिनी होतो. चिडवणाऱ्यांत दुष्टपणा फारसा नव्हता, असं आज म्हणता येतं. त्यांच्या जिभेला तो शब्द गोड लागला होता, एवढंच. पण तो कुठे जाऊन रुतला बघा. अकरा वर्षांनी, २००८ मध्ये दादाचं लग्न झालं आणि घरात खरी वहिनी आली. मला तिला वहिनी म्हणता येईना. पहिल्या दिवसापासून मी तिला नावाने हाक मारतो. नातेवाइकांना ते फार आधुनिक वाटलं. एका आत्याने तर चारचौघांत कौतुक केलं, "किती मोकळं वातावरण आहे तुमच्याकडे!"

पोहणं सुटलं. पावसाळ्यातला सिंहगड सुटला. भिजलेल्या टी-शर्टएवढा चुगलखोर दुसरा नाही. ढोलपथक मात्र सुटलं नाही. नदीपात्रात सरावानंतर सगळे घामाने निथळत कुरते काढायचे, तेव्हा मी पाण्याच्या बाटल्या आणायला जायचो आणि पथकात सेवाभावी मुलगा म्हणून माझं नाव होतं. पण विसर्जनाच्या दिवशी कमरेला ढोल बांधला की लोक ढोलाकडे बघतात, टिपरूकडे बघतात, वाजवणाऱ्याकडे कुणाचं लक्ष नसतं. अलका टॉकीजच्या चौकापर्यंत मी तासन् तास छाती काढून वाजवायचो. एरवी वर्षभर खांदे पाडून, सॅक पाठीऐवजी पोटाशी धरून चालणारा मी.

गल्लीतल्या आमच्या डॉक्टरांना एकदा दाखवलं होतं. त्यांनी शर्टावरूनच बघितलं आणि म्हणाले, "वयात येताना होतं. जाईल." त्यांचं चुकलं नव्हतं. पुरुषाच्या शरीरातही बायकांचं हार्मोन म्हणतात ते इस्ट्रोजेन असतंच, आणि बाईच्या शरीरात पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन. तेरा-चौदाच्या सुमाराला हा तराजू काही काळ डळमळतो, छातीतली एरवी झोपलेली ग्रंथी जागी होते, आणि सहा महिन्यांत, फार तर दोन वर्षांत, बहुतेक मुलांची ती आपोआप पुन्हा झोपते. मी त्या 'बहुतेक'मध्ये नव्हतो. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं नाही, मी पुन्हा गेलो नाही. ग्रंथी वर्षभराहून जास्त राहिली की तिच्यात तंतू तयार होऊन ती घट्ट होते आणि मग गोळ्यांनीही सहसा विरत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

मधल्या काळात सल्ले होतेच. जोर काढ. मी काढले. रोज शंभर. जोर काढल्याने छातीचा स्नायू वाढतो, आणि तो असतो ग्रंथीच्या मागे. म्हणजे मी गादीखाली आणखी एक गादी सरकवत होतो. वजन कमी कर. तेही केलं. पहाटे पर्वती चढून अकरा किलो उतरवले, गालफडं बसली, आईने कावीळ झाली की काय म्हणून रक्त तपासून घेतलं. छाती होती तिथेच. बारीक अंगावर ती उलट जास्त दिसायला लागली.

या सगळ्याला नाव आहे, हे २००४ मध्ये टिळक रोडवरच्या एका सायबर कॅफेत कळलं, प्लायवूडच्या आडोशामागे, पडद्यावर हात धरून. गायनेकोमॅस्टिया. ग्रीक भाषेतला बाई आणि स्तन यांचा जोडशब्द. म्हणजे ग्रीकांनीसुद्धा वहिनीच म्हटलं होतं.

नाव कळल्यावर पुढची सहा वर्षं मी काही केलं नाही. नाव कळण्यानेच इतकं बरं वाटलं होतं. मग घरात माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली आणि पहिल्यांदा पोटात खरोखर दुखलं.

सर्जनचं छोटं हॉस्पिटल कर्वे रस्त्याच्या आतल्या बाजूला होतं. बाहेर बसायच्या खोलीत भिंतीवर एक जुनं चित्र: फेटा बांधलेला, उघड्या अंगाचा एक माणूस, आणि त्याच्या नाकाच्या जागी कपाळावरून खाली आणलेलं नवं नाक. खाली माहिती चिकटवलेली. हा कावसजी, इंग्रजांच्या सैन्यातला मराठी बैलगाडीवाला. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला आणि मग पुण्याजवळ वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नाक बसवलं. दोन इंग्रज डॉक्टरांनी ते बघितलं, ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिकत चित्रासकट छापून आली, आणि ती वाचून कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच नाक करून दाखवलं. युरोपातल्या नव्या प्लास्टिक सर्जरीची एक वाट अशी आपल्या पुण्याच्या वेशीवरून जाते, आणि त्या वीटवाल्याचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. पुणेकर म्हणून मला दोन्ही गोष्टींची सवय आहे.

पण त्या चित्रासमोर बसून मी मनात खजील झालो होतो. याचं नाक शत्रूने कापलं. माझं कुणी काय कापलंय? असलेलंच जास्त आहे म्हणून मी आलोय. हे चोचले नाहीत का?

डॉक्टरांनी आडवं झोपवून अंगठा आणि बोट दोन्ही बाजूंनी निपलकडे सरकवलं. मध्ये रबरासारखी चकती लागली. "ही ग्रंथी. नुसती चरबी असती तर बोटं अडली नसती." मग प्रश्न. कुठली गोळी चालू आहे? जिममध्ये इंजेक्शनं घेतलीत? दारू? लिव्हर? त्यानंतर त्यांनी मला पँट उतरवायला सांगितली, तेव्हा मी उठून निघूनच जाणार होतो. याचं कारण त्यांनी शांतपणे सांगितलं: क्वचित वृषणातल्या गाठीची खूण आधी छातीवर दिसते, ती गाठ नाही ना हे बघितल्याशिवाय छातीला हात लावणं हा मूर्खपणा आहे. रक्ताच्या तपासण्यांची चिठ्ठीही लांबलचक होती. सगळं नॉर्मल आलं. कारण सापडलं नाही, आणि असं पुष्कळांचं होतं म्हणे.

चोचल्यांचा प्रश्न मी त्यांना विचारला. त्यांनी सातव्या शतकातल्या एका ग्रीक वैद्याचं नाव सांगितलं, एजिनाचा पॉल. पुरुषाची वाढलेली छाती कापून कशी काढावी हे त्याने लिहून ठेवलंय, चंद्रकोरीसारख्या छेदासकट. आणि का काढावी, याचं त्याने दिलेलं कारण दुखतं हे नाही, बायकी म्हणून हिणवतात हे आहे. म्हणजे तेराशे वर्षांपूर्वीच्या पोथीतसुद्धा रोगी छातीने कमी आणि रांगेने जास्त हैराण होता. मला ते ऐकून जितकं हलकं वाटलं तितकंच उदासही.

विमा कंपनीला मात्र असा इतिहास नसतो. ऑफिसच्या पॉलिसीवर अर्ज केला. चार दिवसांत एका शब्दाचं उत्तर आलं, कॉस्मेटिक. म्हणजे नटवेगिरी. मोटरसायकलसाठी साठवलेले पंचावन्न हजार त्यात गेले.

घरी मी सांगितलं, "छातीत छोटी गाठ आहे, काढून टाकायची आहे." गाठ हा शब्द मी मुद्दाम निवडला. त्यात लाज नव्हती. त्यात दुसरं काहीतरी होतं, ते माझ्या लक्षात आलं नाही. आईने काही विचारलं नाही, नेहमीप्रमाणे. फक्त दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे दशभुजा गणपतीला जायला लागली. एकवीस दिवस गेली. तिला वाटत होतं मला कॅन्सर आहे. मला हे कधी कळलं? काढलेलं सगळं लॅबकडे तपासायला पाठवतात, तो रिपोर्ट साधा आला आणि तिने गल्लीत पेढे वाटले, तेव्हा. माझी लाज झाकायला मी तिला तीन आठवडे मरणाच्या भीतीत ठेवलं होतं. या गोष्टीतलं माझ्या हातून झालेलं एकच खरं वाईट काम ते.

ऑपरेशन २०१० च्या ऑक्टोबरात. आधी फोटो: समोरून, तिरके, बाजूने, हात कमरेवर. तेरा वर्षं जे कुणाला दिसू दिलं नाही ते पाच कोनांतून. मग उभं करून मार्करने छातीवर वर्तुळं काढली. आडवं झालं की आकार पसरतो, म्हणून नकाशा उभ्यानेच काढायचा. भुलीखाली पुढचं झालं. सलाइनमध्ये बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अॅड्रिनलिन मिसळून छाती टम्म फुगवतात, बारीक नळीने चरबी ओढून घेतात. ग्रंथी नळीला दाद देत नाही. तिच्यासाठी निपलभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धगोल छेद घेतात. जेरोम वेब्स्टर या अमेरिकन सर्जनने १९४६ मध्ये तो छेद मांडला. युक्ती एवढीच की गडद आणि फिकट कातडीच्या सीमेवर व्रण लपून जातो. सगळी ग्रंथी काढत नाहीत, निपलखाली थोडी अस्तरासारखी ठेवतात, नाहीतर तिथे बशीसारखा खळगा पडतो.

मी सिस्टरांना म्हणालो, दाखवाल का? त्यांनी डबी आणली. पांढुरकं, चिवट, ओल्या खोबऱ्याच्या कातळीसारखं. दोन्ही बाजूंचं मिळून नव्वद ग्रॅम. त्यात एक अख्खा टिळक तलाव बुडाला होता, पण दिसायला वाटीभरसुद्धा नव्हतं.

दोन दिवस बगलेजवळून नळ्या आणि त्यांना टांगलेल्या डब्या. तिसऱ्या दिवशी डावी बाजू फुगली. आत रक्त साचलं होतं, ते सुईने काढलं. या ऑपरेशननंतर सगळ्यात आधी बघायची गोष्ट तीच असते. आणि मग सहा आठवडे तो प्रेशरचा जाकीट. पोटापासून गळ्यापर्यंत आवळणारा, रात्रंदिवस, फक्त अंघोळीपुरता काढायचा. डॉक्टर म्हणाले होते थंडीत करा. मला दिवाळीच्या सुट्ट्या जोडायच्या होत्या म्हणून मी ऑक्टोबरच्या उन्हात केलं. माझ्या अनुभवाचा कुणाला उपयोग व्हायचाच असेल तर तो एवढाच: थंडीत करा.

त्याच दिवसांत दादाला मुलगा झाला. बारसं शनिवार पेठेत, वहिनीच्या माहेरी. मी कुरत्याखाली जाकीट घालून, श्वास निम्मा घेत बसलेलो. आतल्या खोलीत मालिशवाली बाई सांगत होती, "बाळाच्या छातीत दूध धरलंय. रोज थोडं पिळून काढते, म्हणजे बसेल." आणि बाळाची आई बाळंतिणीच्या आवाजात, पण ठामपणे म्हणाली, "हात लावायचा नाही मावशी. डॉक्टरांनी सांगितलंय, आईचे हार्मोन असतात ते, जातं आपोआप. पिळलं तर पू होतो." बाई तोंड वाकडं करून तेल गरम करायला गेली. मी डोकावून बघितलं. बारा दिवसांचा पुरुष, दोन्ही बाजूंना सुपारीएवढी फुगीर छाती, आणि त्याला त्याचं काही नव्हतं. तो पाय झाडत होता.

ऑपरेशन चांगलं झालं. आजही डावीकडे रुपयाएवढी जागा बधिर आहे, तेवढं सोडलं तर तक्रार नाही. पश्चात्तापही नाही, कुणी विचारलं तर मी करा म्हणूनच सांगेन. पण जाकीट सुटल्यावर मी काय केलं? कपाटातून दोन बनियन काढले आणि घातले. आठ महिने घालत होतो. छाती सपाट झाली हे खांद्यांना कुणी कळवलंच नव्हतं. बसमध्ये सॅक अजून पोटाशीच. लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोला संभाजी बागेत सगळं सांगितलं, घसा कोरडा पडेपर्यंत. ती म्हणाली, "एवढंच?" मला हायसं वाटायला हवं होतं. मला तिचा राग आला.

वडिलांची गोष्ट वेगळी. सत्तरी ओलांडल्यावर त्यांचं हृदय थकलं, पायाला सूज येऊ लागली, आणि बाकी गोळ्यांबरोबर स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाली. ती जादा पाणी काढते, पण पुरुषाच्या हार्मोनचं कामही अडवते. तीन-चार महिन्यांत त्यांची छाती दुखरी झाली, फुगली. पुढच्या तपासणीला भरलेल्या ओपीडीत, दार उघडं असताना, त्यांनी आपल्या जुन्या हेडक्लार्कच्या आवाजात विचारलं, "डॉक्टर, मला इथे बायकांसारखं व्हायला लागलंय. शर्ट घासला तरी दुखतं. हे तुमच्या गोळीचं की माझ्या वयाचं?" बाहेर वीस माणसं बसली होती. कुणी हसलं नाही. एक आजोबा तर पुढे सरकून ऐकायला लागले, बहुधा त्यांनाही होतं. डॉक्टरांनी गोळी बदलून एप्लेरेनोन दिली, त्याने हळूहळू दुखणं थांबलं.

रिक्षात वडील म्हणाले, "तुझं तेच होतं ना ते? गाठ म्हणालास ती." मी हो म्हणालो. ते लकडी पूल संपेपर्यंत बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "त्या वर्षी पोहण्याची फी भरली होती." बस, तेवढंच. बोलता आलं असतं, पण डेक्कन आलं.

आणि आता, गेल्या मेमध्ये, बारा दिवसांचा असताना पाय झाडणारा तो पुरुष साडेतेरा वर्षांचा झाला आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. पोहायला जायच्या वेळेला. वहिनीने मला फोन केला, "याला काय झालंय बघ ना. घरातसुद्धा हुडी घालून बसतो, या उकाड्यात." मी तिला तिथल्या तिथे सांगितलं की काय झालंय. "तुला कसं माहीत?" मग सगळंच सांगावं लागलं, सत्त्याण्णव सालापासून, त्या नावासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणून तू मला कधीच...? मला सोळा वर्षं वाटत होतं, मी तुला आवडले नाही." नंतर म्हणाली, "आता तरी म्हण." मी प्रयत्न केला. नाही आला.

पुतण्याच्या फोनमध्ये सगळी जाहिरातच होती. तासाभरात सपाट, सकाळी या संध्याकाळी घरी, हप्त्याने पैसे. आमच्या वेळी याबद्दल कुणी बोलत नव्हतं, आता बोलतात ते विकायला बोलतात. मला ही दुसरी तऱ्हा जास्त चीड आणते, कारण तिच्यात तेरा वर्षांच्या मुलाला थांब म्हणणारं कुणी नाही. त्याला त्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. मी खोलीत थांबू का, विचारलं. "थांब," म्हणाला. डॉक्टरांनी बोटांनी चाचपून टेपने मोजलं: उजवीकडे तीन सेंटिमीटर, डावीकडे अडीच. कागदावर आकृती काढून त्यालाच समजावलं, त्याच्या आईला किंवा मला नाही. आत्ता काही करायचं नाही. मोजमाप लिहून ठेवलंय, सहा महिन्यांनी परत ये, मी पुन्हा मोजणार. अठराच्या सुमारापर्यंत राहिलंच तर सर्जनचा विचार. तारीख त्यांनी फाइलवर लिहिली.

"सहा महिने म्हणजे दिवाळीनंतर," तो जिन्यात म्हणाला.

"हो."

"चालेल."

पोहायला जायचं का, यावर दोन दिवस काही बोलला नाही. मग स्वतःच पूर्ण बाह्यांचा पोहायचा टॉप मागवला; उन्हाने कातडी काळवंडते म्हणून बॅचमधली निम्मी मुलं हल्ली तसलेच घालतात. इतकं सोपं होतं. सोमवारी मी त्याला सोडायला गेलो आणि काठावरच्या बाकावर बसलो. तासाभराने तो निथळत आला, टॉवेल ओढून घेतला.

"काका, तू का नाही उतरत?"

"मला येत नाही."

"बाबा तर म्हणाला तू इथे शिकलायस."

"नऊ दिवस."

त्याने खिडकीकडे बोट केलं. मी जाऊन विचारलं. मोठ्यांची बॅच संध्याकाळी असते. बाईंनी न बघता फॉर्म सरकवला: दोन फोटो, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, टोपी सक्तीची.